शाळेला पैसे जूनमध्ये लागतात, मार्चमध्ये नाही : विधिमंडळ सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात शालेय शिक्षण विभागाच्या खर्चाच्या मागण्या आपल्यापुढे मंजुरीसाठी येतील. त्यावर बोलायला आपल्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात, हे मी जाणते. म्हणून मागणे आधीच सांगून टाकते. शाळेच्या खर्चाचे पैसे जूनमध्ये द्या. लहान शाळेला पटाकडे न बघता किमान रक्कम आणि दोन शिक्षक द्या. आणि त्या पैशाचे चीज झाले की नाही, हे यंदाच्या निकालावरून ठरवू नका. पहिलीत दाखल झालेले मूल बारावीपर्यंत पोचले का, यावरून ठरवा.

मी सह्याद्रीतल्या एका डोंगराळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे दोनशिक्षकी शाळांत गेली. माझ्या पहिल्या वर्गांतली मुले आता संसाराला लागली आहेत, काहींची मुले माझ्याच शाळेत येतात. त्यामुळे एखाद्या वर्षी शाळेला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, त्याचे पुढे काय झाले, हे मला गावात फिरताना दिसते. आपल्याला ते आकड्यांत दिसत नाही, कारण ते आकडे कोणी गोळाच करत नाही.

शाळेवर सरकारने किती खर्च करावा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. 1882 मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच मुद्दा लावून धरला होता : सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा, इतक्या बारकाईने त्यांनी लिहिले होते. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. एवढा पैसा आणायचा कुठून, हा तेव्हाच्या आक्षेपांतला एक मोठा आक्षेप होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1917 मध्ये, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. तिजोरी संस्थानची होती, सबंध हिंदुस्थानची नव्हे. तरी ते झाले.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे सांगितले. तो आकडा 1968, 1986 आणि 2020 च्या तिन्ही शैक्षणिक धोरणांत आहे. गाठला मात्र एकदाही गेलेला नाही. हे आपल्याला माहीत आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

मला बोलायचे आहे ते पैशाच्या परिणामाबद्दल. सभागृहात आणि बाहेरही एक वाक्य नेहमी ऐकू येते : “शाळांवर इतका खर्च करूनही मुलांना वाचता येत नाही, मग आणखी पैसे ओतून काय होणार?” या प्रश्नाचे उत्तर जगात अनेक ठिकाणी शोधले गेले आहे, आणि ज्यांनी मुलांच्या मागे वीस-तीस वर्षे जाऊन शोधले त्यांना ते स्पष्ट मिळाले आहे.

अमेरिकेत 1970 च्या दशकापासून अनेक राज्यांत न्यायालयांनी शाळांच्या निधीवाटपाची पद्धत बदलायला लावली. तिथे शाळेचा पैसा बराचसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. न्यायालयांच्या आदेशांनी ही दरी काही ठिकाणी कमी झाली. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तीन अर्थतज्ज्ञांनी 1955 ते 1985 या काळात जन्मलेली मुले मोठी होईपर्यंतची माहिती तपासली आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापला. शालेय शिक्षणाची बाराही वर्षे दर विद्यार्थ्यामागचा खर्च 10 टक्क्यांनी जास्त राहिला, तर मूल सरासरी 0.31 वर्ष अधिक शिकते, मोठेपणी त्याची मजुरी सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि प्रौढपणी गरिबीत असण्याचे प्रमाण 3.2 टक्के बिंदूंनी घटते. गरीब घरच्या मुलांवर हा परिणाम याहून कितीतरी ठळक होता.

यातली “बाराही वर्षे” ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका वर्षी दिले आणि दुसऱ्या वर्षी आखडते घेतले, असा तो पैसा नव्हता. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, निधी वाढल्यानंतर मुलांच्या चाचण्यांतली सुधारणा पहिल्या वर्षी जेमतेम दिसली आणि मग दहा वर्षांत हळूहळू चढत गेली. म्हणजे पहिल्या वर्षीच तपासून योजना बंद केली असती, तर ती निरुपयोगी ठरवली गेली असती. 2008 च्या मंदीनंतर तिथल्या राज्यांनी शाळांचे पैसे कापले, तेव्हा मुलांचे गुण घसरले आणि महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाणही.

अमेरिका श्रीमंत देश आहे, तिथले दाखले इथे कशाला, असे आपण म्हणाल. मग इंडोनेशियाकडे बघू. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि त्या देशाकडे पैसा आला. त्यांनी तो प्राथमिक शाळांच्या बांधकामात घातला. पाच-सहा वर्षांत 61 हजारांहून अधिक शाळा उभ्या केल्या, आणि ज्या भागात शाळेबाहेरची मुले जास्त, तिथे शाळाही जास्त दिल्या. एस्थर डफ्लो यांनी 2001 मध्ये त्याचा हिशेब मांडला. दर हजार मुलांमागे एक नवी शाळा झाली, तिथल्या मुलांचे शिक्षण 0.12 ते 0.19 वर्षांनी वाढले आणि मोठेपणीची मजुरी दीड ते पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढली. हे मोजले गेले ते शाळा बांधल्यानंतर दोन दशकांनी. पुढच्या अभ्यासांत त्या मुलांच्या मुलांपर्यंतही फायदा पोचलेला दिसला.

आता आपल्या घरचे. 1987 मध्ये केंद्राने खडू-फळा योजना सुरू केली. किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि त्यात शक्यतो एक शिक्षिका, शिवाय शिकवण्याचे साहित्य. त्या योजनेचा अभ्यास एमी चिन यांनी केला. देशातल्या एकूण शिक्षकांच्या संख्येत किंवा वर्गाच्या सरासरी आकारात त्या योजनेने फारसा फरक पडला नव्हता. मोठ्या शाळांकडून शिक्षक लहान शाळांकडे वळले होते, एवढेच. तरी मुलींचे प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण वाढले. एकशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक आला, की तिथल्या मुली शाळेत टिकतात. मला यात आश्चर्य वाटत नाही. शिक्षक एकच असेल आणि तो तालुक्याला बैठकीला गेला, आजारी पडला किंवा निवडणुकीच्या कामाला लागला, की शाळेला कुलूप लागते. अशी कुलूपबंद शाळा दोन-तीनदा अनुभवली, की आई धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलीला घरी ठेवते. मग ती सवयच होते.

हे सगळे माहीत असताना गेल्या काही वर्षांत राज्याची पावले उलट दिशेला पडली आहेत. आपल्याकडे वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा 14 हजार 700 हून अधिक असल्याचे सरकारनेच 2023 मध्ये सांगितले होते. त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले शिकत होती. सप्टेंबर 2023 मध्ये या शाळांच्या समूहशाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवण्याच्या, निर्णयाने सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच धोक्यात आणले. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला, शिक्षक दिनाच्या दिवशी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एका पदावर 15 हजार रुपये मानधनाचा सेवानिवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. ओरड झाली, मग त्यात बदल झाले. पण दरवेळी ओरड करून परत मिळवावे लागणे, यातच आमची आणि पालकांची ताकद संपते. शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक देतो. त्यात कुठेही “पट वीसपेक्षा जास्त असेल तरच” असे लिहिलेले नाही.

समूहशाळेच्या बाजूने मोठी शाळा, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान, सोबतीला भरपूर मुले अशी मांडणी होते. रस्ता चांगला आहे, गाडी वेळेवर येते, अशा ठिकाणी ती मला पटते. सहा मुलांत कबड्डीही खेळता येत नाही, हे मी रोज बघते. पण धडगाव, अक्कलकुवा, सुरगाणा, भामरागड, राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांत पावसाळ्यात ओढे भरले की वाडीचा संपर्क तुटतो. तिथली आठ वर्षांची मुलगी गाडीने रोज दुसऱ्या गावी जाईल, असे गृहीत धरून पैसे वाचवायचे म्हणजे ती शाळेत येणार नाही हे मान्य करून वाचवायचे. बिहारचे उदाहरण याला धरूनच आहे. तिथे 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. मुरलीधरन आणि प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्या वयाच्या मुलींचे माध्यमिक शाळेतले प्रवेश 32 टक्क्यांनी वाढले, आणि वाढ झाली ती मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या गावांत. अंतर मुलीला शाळेबाहेर काढते आणि थोडा पैसा तिला परत आणतो, हे याहून स्वच्छ कसे सांगायचे? आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत मुलींसाठी बस आणि सायकली आहेत, एसटीचा मोफत पासही आहे. जिथे बस वेळेवर येते तिथे माझ्या कितीतरी मुली बारावीपर्यंत गेल्या. ज्या वाडीला गाडीच जात नाही, तिथल्या मुलींना तो पास कसा उपयोगी पडणार?

आता शाळेच्या हातात प्रत्यक्ष येणाऱ्या पैशाबद्दल. आपल्यापैकी अनेकांनी शाळेला भेट दिली असेल, पण शाळेचे खाते उघडून पाहण्याचा प्रसंग बहुधा आला नसेल.

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचे संयुक्त शाळा अनुदान मिळते. साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला 10 हजार रुपये, 31 ते 100 मुलांना 25 हजार, पुढे पट वाढेल तशी रक्कम वाढते. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात वीजबिल, इंटरनेट, खडू, हजेरी आणि दाखल्यांच्या वह्या, झेरॉक्स, पाण्याच्या टाकीचा नळ, उडालेले पत्रे, फुटलेली खिडकी, चटया आणि शिकवण्याचे साहित्य. माझ्या शाळेला दोन खोल्या आहेत. वर्गात दहा मुले असोत की तीस, छत तेवढेच गळते आणि बल्ब तेवढाच वेळ जळतो. खर्च खोल्यांवर होतो आणि पैसा डोक्यांवर मिळतो, म्हणून लहान शाळा कायम तोट्यात.

हे पैसे शाळेच्या हातात रोख येत नाहीत. शाळेचे खाते शून्य शिल्लकीचे असते. पीएफएमएस या सरकारी निधीच्या संगणक प्रणालीच्या पडद्यावर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. ती मर्यादा कधी पडेल, हे कोणी सांगू शकत नाही. अनेक वर्षे ती फेब्रुवारी-मार्चमध्ये पडत आली आहे, आणि 31 मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. मग काय होते ते सांगते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या शाळा-केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो, “मर्यादा आली आहे, दोन दिवसांत खर्च टाका.” पुरवठादाराची नोंदणी झालेली असावी लागते. गावातल्या किराणा दुकानदाराकडून आणि सुताराकडून काम करून घ्यावे, तर त्यांच्याकडे पक्के बिल नसते. म्हणून तालुक्याच्या दुकानात जायचे, जे मिळेल ते घ्यायचे. सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री अकरानंतर नोंद करायची. मग देयकाची पावती छापायची, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घ्यायची. ते ऊसतोडीला गेलेले असतील, तर आणखी पंचाईत. मग ती पावती घेऊन बँकेत रांगेत उभे राहायचे. पेरणी होऊन गेल्यावर हातात बियाणे ठेवावे, तसा हा पैसा येतो. जूनमध्ये पहिलीच्या मुलांना अक्षरकार्डे हवी होती, जुलैमध्ये छताला पत्रा हवा होता. मार्चमध्ये मी त्याच पैशातून पाच वर्षे पुरतील एवढे खडू घेते, कारण दुकानात तेव्हा तेच असतात.

दरम्यान वर्षभर शाळा कशावर चालते? शिक्षकांच्या खिशातून आणि गावच्या वर्गणीतून. वीज कंपनीचा माणूस थकबाकीची नोटीस घेऊन येतो तेव्हा आम्ही दोघे शिक्षक पैसे भरतो. काही ठिकाणी मीटर काढून नेलेले मी पाहिले आहेत, आणि भिंतीवर कोणीतरी दान दिलेला डिजिटल पडदा तसाच काळा टांगलेला. यंदा असे झाले म्हणून यंदाच्या चाचणीत फरक दिसणार नाही. पण पहिली-दुसरीची दोन वर्षे ज्या मुलाची अशी गेली, ते पाचवीत अडखळते, आठवीत मागे बसते आणि दहावीच्या आधी कामाला जाते.

पटाशी पैसा बांधल्याने आणखी एक घडते. छत गळते, शिक्षक एक उरतो, तेव्हा गावातला ज्याला परवडते तो पालक मुलाला व्हॅनमधून इंग्रजी शाळेत धाडतो. पट घटतो. पट घटला की अनुदान घटते, पद जाते. मग आणखी चार पालक विचार करू लागतात. शेवटी शाळेत उरतात ती ज्यांच्या घरी व्हॅनचे पैसे नाहीत ती मुले : मजुरांची, ठाकर-कातकऱ्यांची, एकट्या आईची. ज्यांना सरकारी पैशाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच शाळेचा पैसा सर्वांत आधी कमी होतो. पुढे अधिकारी येऊन विचारतात की पट का कमी झाला, तेव्हा हा सगळा क्रम त्यांना कसा सांगायचा?

लोकसहभागाचा मार्ग सुचवला जातो. “माझी शाळा, सुंदर शाळा” स्पर्धेने अनेक गावे जागी झाली, हे मी मनापासून मान्य करते. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाख मिळतात, ती रक्कम लहान नाही. पण ही स्पर्धा जिंकायला आधी रंग, बाग, कुंपण लागते, आणि त्यासाठी गावात पैसा लागतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेला कंपनीचा सामाजिक निधी मिळतो. घाटमाथ्यावरच्या वाडीजवळ कुठली कंपनी? लोकसहभागाने चांगल्या शाळा अधिक चांगल्या होतात. मागे पडलेल्या शाळा वर यायच्या असतील तर ते काम सरकारलाच करावे लागेल.

मध्यान्ह भोजनाचाही विचार करावा, कारण तोही शाळेचाच निधी आहे. आपल्या देशातल्या या योजनेचा अभ्यास सांगतो की ज्या मुलांना पाच वर्षांपर्यंत सलग हे जेवण मिळाले, त्यांचे वाचनाचे गुण एक वर्षाहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा 18 टक्क्यांनी आणि गणिताचे 9 टक्क्यांनी जास्त होते. इथेही परिणाम दिसला तो सलग वर्षे मिळाल्यावर. आपण मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी काढून घेतला. हवे तर लोकसहभागातून द्या म्हणाले. अंड्याच्या दिवशी हजेरी किती भरायची, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे भाजी, डाळ, तेल, मसाला, इंधन यांसाठी 2025 मध्ये ठरलेला दर 6 रुपये 78 पैसे आहे. त्यातून अंडे बसत नाही. आणि मुलींच्या उपस्थिती भत्त्याबद्दल काय सांगू? दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया. 1992 मध्ये ठरलेला तो रुपया आजही रुपयाच आहे. तेव्हा त्यात मुलीची वही यायची. आमदारांचे, अधिकाऱ्यांचे, आम्हा शिक्षकांचे वेतन महागाईप्रमाणे वाढत गेले. त्या मुलीचा रुपया वाढवायला कोणाचा विरोध होता?

पैसा दिला की आपोआप शिक्षण होते, असे मी म्हणत नाही. इंडोनेशियानेच पुढे शिक्षकांचे पगार दुप्पट केले, त्याने शिक्षक समाधानी झाले पण मुलांच्या शिकण्यात काही वर्षांत फरक दिसला नाही. आंध्र प्रदेशात शाळांना साहित्यासाठी अनुदान दिले गेले, तेव्हा पहिल्या वर्षी मुलांची प्रगती झाली; दुसऱ्या वर्षी पालकांना अनुदान येणार हे कळले, त्यांनी घरचा वही-पेन्सिलीचा खर्च कमी केला आणि वाढीव प्रगती दिसेनाशी झाली. काही जण यावरून अनुदान वाया गेले म्हणतात. मला तसे वाटत नाही. गरीब घरात वाचलेले ते पैसे औषधाला, किराणाला लागले असतील. पण त्यातून शिकायचे ते हे, की जे घर स्वतः आणू शकत नाही ते शाळेने द्यावे : शिक्षक, छत, वीज, जेवण, जाण्यायेण्याची सोय. मुंबई आणि बडोद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखींचा प्रयोग झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली कमी मानधनावर त्यांना पाया पक्का करून द्यायच्या. मुले झपाट्याने पुढे गेली, आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या फायद्याचा मोठा भाग ओसरला. एका वर्षाच्या कार्यक्रमाने मूल दहावीपर्यंत पोचत नाही.

पैसा कोणाच्या हातून जातो, यानेही फरक पडतो. गणवेशाचेच बघा. वर्षाला दोन जोडांचे मिळून एका मुलामागे 600 रुपये. शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा जवळच्या शिंप्याकडून मापाने शिवून घ्यायची. 2024-25 मध्ये कापड एका ठिकाणाहून घेऊन सगळ्या राज्याला पुरवायचे ठरले, आणि पंधरा ऑगस्टला कितीतरी मुले जुन्या कपड्यांत उभी राहिली. वर्ष संपण्याआधी सरकारने तो निर्णय मागे घेऊन अधिकार पुन्हा समित्यांना दिले, ते योग्यच झाले. तेवढाच विश्वास दुरुस्तीच्या आणि साहित्याच्या पैशाबाबत ठेवा.

म्हणून मागणे असे. संयुक्त अनुदानाची निम्मी मर्यादा पंधरा जूनपूर्वी आणि उरलेली दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या खात्यावर दिसावी. केंद्राचा हप्ता उशिरा आला तर राज्याने आपला चाळीस टक्क्यांचा वाटा आधी द्यावा. न वापरलेला पैसा 31 मार्चला काढून न घेता पुढच्या वर्षाला जोडावा. खोल्यांच्या संख्येवर आधारित किमान रक्कम ठरावी आणि ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढावी. शाळांचे वीजबिल शाळेच्या अनुदानातून न घेता राज्याने थेट कंपनीला भरावे. साठ मुलांपर्यंत दोन नियमित शिक्षक, हा कायदा संचमान्यतेच्या कोणत्याही निर्णयाने मोडू नये.

परिणाम मोजण्याची सोय आज हाताशी आहे. प्रत्येक मुलाला यू-डायस या शाळांच्या देशव्यापी संगणकीय नोंदीत कायम क्रमांक आहे. आम्ही त्याची आधार जुळवणी करण्यात वर्षातले किती दिवस घालवतो, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. इतकी माहिती भरून घेतलीच आहे, तर तिचा उपयोग करा. 2015 च्या जूनमध्ये पहिलीत आलेली मुले 2027 मध्ये बारावी होतील. त्यांतली किती पोचली, कुठल्या इयत्तेत गळाली, त्यांच्या शाळेत त्या वर्षांत किती शिक्षक होते, अनुदान कोणत्या महिन्यात आले, हे तालुकानिहाय सभागृहासमोर ठेवा. नावांची गरज नाही, आकडे पुरेत. ते आकडे समोर असले, तर कमी पटाची शाळा राज्याला परवडते की तिच्यातून गळालेली मुले, यावर सभागृहात नीट बोलता येईल.

आणि सुरुवात म्हणून एकच करा. विभागाच्या मागण्या मतास येण्याआधी आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेचे अनुदान गेल्या वर्षी कोणत्या तारखेला आले आणि 31 मार्चला त्यातले किती परत गेले, ही यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून मागवा. ती त्यांच्याकडे आहे. ती यादी घेऊन सभागृहात उभे राहा, आणि मंत्रिमहोदयांकडून पुढच्या वर्षाची तारीख घेतल्याशिवाय खाली बसू नका.

आपली,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची एक मुख्याध्यापिका